किनाऱ्याचे राखणदार

प्रास्ताविक

शिकून गावाबाहेर पडणारे पुष्कळ असतात; शिकलेली विद्या गावाच्या कामी आणणारे त्या मानाने थोडे. अमेरिकेतील एका आदिवासी महाविद्यालयाचे विद्यार्थी आपल्या समाजाच्या अन्नाची राखण कशी करतात, ते या पाठात वाचा.

मूळ पाठ

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात, कॅनडाच्या सीमेजवळ, सॅलिश समुद्राच्या काठी लमी ही आदिवासी जमात राहते. सामन मासे, खेकडे, तिसऱ्या आणि कालवे हे तिचे पिढ्यान्‌पिढ्यांचे अन्न. ‘ओहोटी लागली की पान वाढले’ अशा अर्थाची एक म्हण त्या किनाऱ्यावरील आदिवासींमध्ये आहे.

१८५५ सालच्या करारानुसार या जमातींना आपली बरीचशी भूमी सोडावी लागली; मात्र परंपरागत ठिकाणी मासेमारी करण्याचा हक्क त्यांनी राखून ठेवला. पुढे तो हक्क डावलला गेला. अखेर १९७४ साली न्यायाधीश जॉर्ज बोल्ट यांनी, पकडण्याजोग्या माशांपैकी निम्म्या वाट्यावर करार करणाऱ्या जमातींचा हक्क आहे, असा निर्णय दिला.

शिक्षणाची कहाणीही अशीच आहे. एके काळी आदिवासी मुलांना घरापासून दूर निवासी शाळांत नेले जाई. तेथे मातृभाषा बोलण्यास मनाई असे. शाळा म्हणजे ताटातूट, असाच अनुभव कित्येक पिढ्यांना आला. १९६८ साली नवाहो जमातीने स्वतःचे महाविद्यालय स्थापन केले आणि नवी वाट पडली. लमी जमातीने १९७३ साली मत्स्यसंवर्धनाची शाळा सुरू केली. तीच वाढत जाऊन १९८९ साली ‘नॉर्थवेस्ट इंडियन कॉलेज’ या नावाने ओळखली जाऊ लागली.

या महाविद्यालयात पर्यावरणाचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यांचे काम समुद्राशी बांधलेले आहे. समुद्राचे पाणी उबदार झाले की काही विषारी सूक्ष्म शैवाल झपाट्याने वाढते. शिंपल्यांतील जीव पाणी गाळून अन्न घेतात. त्यामुळे ते विष त्यांच्या शरीरात साठते. असा शिंपला दिसायला, चवीला नेहमीसारखाच असतो. शिजवूनही विष नाहीसे होत नाही आणि खाणाऱ्याचा श्वास बंद पडू शकतो. डोळ्यांना न दिसणारा हा धोका केवळ तपासणीनेच कळतो. म्हणून विद्यार्थी किनाऱ्यावरचे नमुने गोळा करतात आणि महाविद्यालयाच्या संशोधन केंद्रात त्यांचे परीक्षण करतात. कोठे शिंपले मिळतात हे वडीलधारी माणसे पूर्वापार जाणतात. ते खाण्यास निर्धोक आहेत की नाहीत, हे तरुण मुले सांगू शकतात. दोन्ही ज्ञाने एकत्र आली, तरच घरातले पान निश्चिंतपणे वाढता येते.

धोका केवळ निसर्गाकडूनच येतो असे नाही. नूकसॅक नदीतून वाहत आलेल्या गुरांच्या मलमूत्रामुळे पोर्टेज उपसागरातील शिंपले काढणे १९९६ साली बंद करावे लागले. पाणी सुधारल्यावर २००६ साली ते पुन्हा सुरू झाले. परंतु २०१४ साली काही भागात पुन्हा बंदी आली. न्यायालयाने मान्य केलेला हक्क तसाच होता, पण दूषित पाण्यापुढे तो निरुपयोगी ठरला. शिंपल्यांवर पोट असणाऱ्या कुटुंबांना त्याची झळ सोसावी लागली.

म्हणूनच या विद्यार्थ्यांच्या कामाला मोल आहे. त्यांची परीक्षा उत्तरपत्रिकेवर संपत नाही. त्यांनी तपासलेला शिंपला उद्या त्यांच्याच आजीच्या ताटात पडणार असतो.

शब्दार्थ

राखणदार – रक्षण करणारा. डावलणे – दुर्लक्षून बाजूला सारणे. निर्धोक – धोका नसलेला. झळ – त्रास, नुकसान.

स्वाध्याय

१. शिंपल्यांतील विष ओळखण्यासाठी तपासणी का आवश्यक ठरते?
२. ‘हक्क तसाच होता, पण तो निरुपयोगी ठरला’ या विधानाचा अर्थ स्पष्ट करा.
३. तुमच्या परिसरातील नदी, तळे किंवा विहीर यांविषयी वडीलधाऱ्यांकडून माहिती मिळवा व दहा ओळी लिहा.