मागचा पाय

तंजावर

चि. बाळीस,

सातवीची पोरं ऐकत नाहीत, असं लिहिलंस. मी रोज सकाळी अन्नै सत्या स्टेडियमवर फिरायला जातो, तिथं पोरं कबड्डी खेळतात. काल चढाईला गेलेल्या एकाचा पुढचा पाय बोनस रेषेपलीकडे टेकला, पण मागचा उचललाच नव्हता. कोच म्हणाले, "पिन् काल्!" म्हणजे मागचा पाय. मग स्वतः करून दाखवलं: आधी बरोबर, मग पोरानं केलं तसं, पुन्हा बरोबर. "परत जा." पोरगा गेलासुद्धा. माझा चष्मा पुसून होईतो सगळं आटोपलं.

मी तीस वर्षं गणित शिकवलं. शुक्रवारी वह्या गोळा करायच्या, सोमवारी लाल शाई. तोवर आपण गणित कसं केलं होतं, हेच पोर विसरलेलं. वर माझा शेरा, 'निष्काळजीपणा'. त्यातून त्यानं काय सुधारायचं होतं, कोण जाणे!

अमेरिकेत जॉन वुडन नावाचे बास्केटबॉलचे मोठे कोच होते. मूळचे शाळेत इंग्रजीचे मास्तर, आपल्याच जातीचे! १९७४-७५ मध्ये थार्प आणि गॅलिमोर हे दोन मानसशास्त्रज्ञ त्यांचा सराव बघत बसले, तेही स्वतःच्या शाळेसाठी काही शिकता येईल म्हणून. वुडन यांच्या २,३२६ कृती त्यांनी टिपल्या. शाबासकी शंभरात सातही नाही, रागावणंही तितपतच. बाकी बहुतेक बोलणं काय करायचं नि कसं करायचं, एवढंच. आणि करून दाखवणं अगदी त्या कालच्या कोचसारखं, काही सेकंदांत.

उद्या फळ्यावर ७ − (३ − २) घे. पोरं सोडवत असताना टेबलापाशी बसू नकोस, त्यांच्या पाठीमागून फिर. कुणी ७ − ३ − २ लिहिलं, की तिथंच वाक. बरोबर मांडणी, त्याची मांडणी, पुन्हा बरोबर. लगेच तसंच दुसरं गणित दे. भाषण नको.

मैदानावरचं सगळंच मात्र उचलू नकोस. तिथं पोरं हौसेनं येतात, तुझ्याकडे धाडलेली असतात. शिवाय न जमणाऱ्याला कोच बाकावर बसवतो. तुझ्या वर्गात सगळेच बाकावर!

पोंगलला येशील तेव्हा पहाटे ऊठ, स्टेडियमवर जाऊ. त्या पोराचा मागचा पाय उचलला जातो का, मलाही बघायचंय.

तुझा मामा