मरळीच्या पाण्यावर

पोरा, आता डोंगा तुझ्या हाती, म्हणून सांगून ठेवतो. आपलं पाणी इसापूरचं. पैनगंगा अडवली तेव्हा शेतंशिवारं, झाडंझुडपं पाण्याखाली गेली. ती खोडं अजून खाली उभी आहेत. जाळं तिथे अडकून फाटतं आणि मरळ तिथेच दबा धरून बसते. म्हणून उन्हाळ्यात पाणी उतरलं की काठाने हिंड आणि उघडी पडलेली खोडं डोक्यात ठेव. पावसाळ्यानंतर वरून काही दिसायचं नाही.

डोंगा वल्हवत माशावर नेऊ नकोस. वाऱ्याच्या वरच्या अंगाला जा, डोंगा आडवा कर आणि वाऱ्यालाच नेऊ दे. गळ पुढे, न ढवळलेल्या पाण्यात टाक. स्कॉटलंडच्या सरोवरांत रानट ट्राउट धरणारेही असंच करतात. नाव फार पळू नये म्हणून ते कापडाची छत्रीसारखी पिशवी पाण्यात ओढत ठेवतात. आपल्याला दोरीला बांधलेली बादली पुरते. ट्राउट थंड पाण्याचा मासा, तो इथे जगायचा नाही, पण वारा तिकडे काय नि इथे काय, सारखाच. उभा राहू नकोस. पायाखालची फळी वाजली की काठाजवळची मरळ खोल जाते.

मरळ दिसते ती श्वासामुळे. तिला वरची हवा लागते, मधूनमधून तोंड बाहेर काढावंच लागतं. बुडबुडा उठला की लगेच त्यावर गळ फेकू नकोस. तोंड कुठल्या बाजूला होतं ते बघ, हातभर पुढे बेडूक टाक आणि गवताच्या कडेने हळू ओढ. तंगूसाची गाठ आवळण्याआधी ओली कर. कोरडी आवळली तर घासून तापते आणि नेमकी तिथेच तुटते.

कटल्याचं तंत्र वेगळं. तो वरच्या थरात चरतो, म्हणून वारा ज्या काठाला लागतो तिकडे बघ. पाण्यातलं बारीक खाणं तिथे लोटलं जातं. रोहू मधल्या थरात, मृगळ तळाशी. जाळं किती खोल सोडायचं ते यावरून ठरव.

आता जे सांगतो ते सगळ्यात जपून ठेव. रोहू, कटला, मृगळ यांची बोटुकली आणून धरणात सोडावी लागतात. हे मासे साठलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यांना पुराची धार लागते. 1957 साली मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधरी यांनी पीयूष ग्रंथीचं इंजेक्शन देऊन अशा माशांची पैदास करून दाखवली, त्यातून बीजकेंद्रं उभी राहिली. मरळीचं तसं नाही. ती पाऊस लागला की काठाच्या गवतात स्वतः घरटं करते आणि पिलं राखते. तांबूस-केशरी पिलांचा घोळका पाण्यावर खदखदताना दिसला की खाली मायबाप आहेत असं समज. तेव्हा गळ टाकला तर लागतेच, कारण ती भुकेने नाही, रागाने झेपावते. लोक याला हुशारी म्हणतात. मला ते पाहवत नाही. राखणारी गेली की तो घोळका इतर मासे फस्त करतात, आणि पुढच्या सालची मरळ तिथेच संपते. असा घोळका दिसला की डोंगा वळव, जागा कोणाला सांगू नकोस. बारीक आसाचं जाळं तर त्या दिवसांत घराबाहेरच काढू नकोस.

वैशाखात दुपारनंतर आभाळ काळवंडलं तर गळ गुंडाळ, मासा लागलेला असला तरी. वावधान आलं की मोकळ्या पाण्यात डोंगा सावरत नाही. लाइफ जॅकेट अंगात घाल, फळीखाली ठेवून उपयोग नाही. आणि थर्माकोलवर बसून मधल्या पाण्यात कधी जाऊ नकोस, कितीही जण जात असले तरी.

धरलेली मरळ ओल्या पोत्यात ठेव, पोतं सुकू देऊ नकोस. ती तासन्‌तास जिवंत राहते, आणि पुसदच्या बाजारात जिवंत मरळीचा भाव मेलेलीला येत नाही.