तालुक्याचे दप्तर राज्याच्या दालनास जोडताना

मालवण तालुक्यातील जमिनीचा सातबारा पुष्कळदा एका नावाचा नसतो. आजोबांच्या पिढीपासून सामाईक राहिलेल्या हिश्शावर भाऊ, चुलतभाऊ, लग्न होऊन सासरी गेलेल्या बहिणी आणि मुंबईस स्थायिक झालेले चाकरमानी अशी नावांची रांगच असते. पूर्वी हा उतारा हवा असेल तर गावी येऊन तलाठी कार्यालयात जावे लागे. १ मे २०१८ रोजी डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा देण्यास प्रारंभ झाला आणि १५ रुपये शुल्कात तो घरबसल्या मिळू लागला. परळच्या खोलीत बसलेल्या सहहिस्सेदारास आपले नाव कायम आहे की नाही हे आता काही क्षणांत कळते. मात्र मूळ दप्तरात त्याचे नाव चुकले असेल, तर ती चूकही तितक्याच वेगाने सर्वदूर पोहोचते. स्थानिक दप्तर मध्यवर्ती व्यवस्थेस जोडण्याच्या कार्यातील खरी जबाबदारी येथे सुरू होते.

केंद्र शासनाने भूमिअभिलेखांच्या संगणकीकरणाची योजना १९८८-८९ मध्ये हाती घेतली. २००८ साली तिच्यासह महसूल प्रशासनाच्या बळकटीकरणाची योजना एकत्र करून राष्ट्रीय भूमिअभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रम आखण्यात आला. महाराष्ट्रात ई-फेरफार प्रणाली आल्यावर नुसता उतारा छापून देणारे तालुक्याचे संगणक मागे पडले. दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदला की त्याची वर्दी संगणकावरूनच महसूल यंत्रणेकडे येते. तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, फेरफार घेऊन हितसंबंधितांस नोटीस देतात. हरकतीसाठी १५ दिवसांचा अवधी असतो. त्यानंतर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात व सातबारा अद्ययावत होतो.

जोडणी म्हणजे काय?

आपली ग्रामपंचायत, शिक्षणसंस्था वा सहकारी सोसायटी भाड्याच्या क्लाऊड सर्व्हरवर स्वतःचा डेटाबेस ठेवीत असेल आणि तो जिल्ह्याच्या वा राज्याच्या व्यवस्थापन प्रणालीस जोडावयाचा असेल, तर तंत्रज्ञ चार गोष्टी मागेल: सर्व्हरचा पत्ता, त्यावरील दाराचा क्रमांक म्हणजे पोर्ट, वापरकर्त्याचे खाते आणि गुप्तशब्द. पोस्टग्रेस्क्यूएल या प्रचलित डेटाबेसचे दार साधारणतः ५४३२ क्रमांकाचे असते. हा डेटाबेस मूळ स्थितीत केवळ आपल्याच यंत्रावरून आलेली हाक ऐकतो. बाहेरून कोणी हाक मारली तर त्यास उत्तर मिळत नाही. नवख्या माणसास हा बिघाड वाटतो. वस्तुतः ती राखणदारी आहे.

कित्येक ठिकाणी याच क्षणी घाई होते. जोडणी होत नाही म्हणून सर्व जगास दार उघडे केले जाते, डेटाबेसचा सर्वाधिकारी असलेले खातेच मध्यवर्ती प्रणालीच्या हाती दिले जाते आणि पडद्यावर यशाची हिरवी खूण उमटताच काम संपले असे मानले जाते. चावडीचे दार मोडून दप्तर बाहेर आणण्यासारखाच हा प्रकार होय. योग्य रीत अशी की, केवळ मध्यवर्ती सर्व्हरच्या पत्त्यासच प्रवेश द्यावा, वाटेतील मजकूर सांकेतिक स्वरूपात जावा आणि त्या प्रणालीसाठी स्वतंत्र खाते उघडावे. केंद्रास नुसती देखरेख करावयाची असेल तर त्या खात्यास वाचण्याचाच अधिकार असावा, लिहिण्याचा नसावा. याहून बरा मार्ग म्हणजे स्थानिक यंत्रावर एक छोटा दूत-प्रोग्राम बसवून त्यानेच केंद्राकडे माहिती नेणे. मग बाहेरच्यासाठी दार उघडण्याची गरजच उरत नाही.

नावे आणि हिस्से

तांत्रिक जोडणी एका दुपारी होऊ शकते. नोंदींची जुळणी तशी होत नाही, आणि कोकणात तर मुळीच नाही. येथे सर्व्हे नंबरांचे हिस्से व हिश्शांचे पोटहिस्से पडले आहेत. समजा, एका कारकुनाने ‘३अ’ लिहिले, दुसऱ्याने ‘३/अ’ आणि तिसऱ्याने ‘३ अ’. गावातील कोणीही शहाणा माणूस ती एकच जमीन समजेल. डेटाबेस त्यांस तीन जमिनी समजतो. कोणाचा वाटा आणे-पैमध्ये लिहिलेला, तर कोणाचा गुंठ्यांत. एकच बाई एका उताऱ्यात माहेरच्या नावाने आणि दुसऱ्यात सासरच्या नावाने असते. इतर हक्कातील कुळाचे नाव गळाले तर त्याचा पुरावाच दुबळा होतो.

म्हणून जोडणीपूर्वी हस्तलिखित व संगणकीय नोंद शेजारी ठेवून वाचणे अपरिहार्य ठरते. २०१७ साली राज्यात झालेल्या चावडी वाचनाचा हेतू हाच होता: संगणकीय सातबारा गावकऱ्यांसमोर वाचावा आणि ज्याची जमीन त्यानेच चूक दाखवावी. कोणत्याही यंत्रापेक्षा ही तपासणी अधिक पक्की. परंतु चाकरमान्यांच्या गावात वाचनाच्या दिवशी निम्मे खातेदार हजर नसतात, हे ध्यानी घेऊन अशा वाचनाची तारीख गणेशचतुर्थीच्या आसपास ठेवणे पंचायतींच्या हाती आहे.

जोडणीनंतर चूक आढळल्यास ती दुरुस्त करण्याचा अधिकार संगणक चालविणाऱ्याकडे जात नाही. लेखनप्रमादाच्या दुरुस्तीसाठी महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५५ खाली सक्षम अधिकाऱ्याचा आदेश लागतो. कोणत्या खात्यावरून, कोणत्या दिवशी, कोणत्या आदेशान्वये अक्षर बदलले याची नोंद डेटाबेसनेही ठेवावी. ती नसेल तर प्रामाणिक दुरुस्ती आणि खाडाखोड यांत भेद करता येणार नाही.

किनाऱ्यावर आणखी एक विचार करावा लागतो. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळाने सिंधुदुर्गात विजेचे खांब आडवे केले व अनेक गावांचा वीजपुरवठा खंडित झाला. अशा वेळी दप्तराची प्रत दूर असणे हितकारक असते, पण त्या प्रतीपर्यंत पोहोचण्याची वाटच बंद असते. संस्थेचा स्वतःचा डेटाबेस असल्यास खंडकाळातील नोंदी स्थानिक यंत्रावर क्रमाने साठवून संपर्क येताच पुढे पाठविण्याची सोय ठेवता येते. त्याच नोंदीत दरम्यान वरूनही बदल झालेला असल्यास कोणता ग्राह्य धरावयाचा, हे प्रोग्रामवर न सोपविता संबंधित अधिकाऱ्याने आधीच लेखी ठरवून द्यावे. आणि राखीव प्रत केवळ घेऊन ठेवू नये. पावसाळ्यापूर्वी एकदा ती दुसऱ्या यंत्रावर उघडून, चार-दोन उतारे मुळाशी ताडून पाहावेत.