फोटोग्राफरचा दुसरा धंदा

मरोळ गावठाण,
अंधेरी (पूर्व)

चि. सोनू,

तुझं पत्र आणि सोबतचे स्कॅन पोचले. एकोणिसाव्या शतकात तालुक्याच्या गावी माणसांचे फोटो काढून पोट भरणाऱ्यांवर प्रबंध करायचा म्हणतेस आणि पहिल्याच पत्रात 'मावशी, यांच्याबद्दल कुठे काहीच लिहिलेलं नाही' म्हणून रडतेस. लिहिलेलं आहे. तू ते फोटोग्राफीच्या पुस्तकांत शोधते आहेस आणि तिथे ते सापडणार नाही.

आपल्याकडची जी चार नावं आज ठाऊक आहेत, ती बघ कशामुळे राहिली. मुंबईत १८५४ साली बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी निघाली. तिच्या सुरुवातीच्या हिंदी सभासदांत डॉ. नारायण दाजी होते. ते उरले डॉक्टर म्हणून आणि भाऊ दाजींचे भाऊ म्हणून. हरिश्चंद्र चिंतामण एल्फिन्स्टनमध्ये १८५५ साली निघालेल्या फोटोग्राफीच्या वर्गात शिकला, मुंबईच्या कोटात, म्हणजे फोर्टात, स्टुडिओ थाटला, १८६७च्या पॅरिस प्रदर्शनात त्याची चित्रं लागली. तरी आज त्याचं नाव निघतं ते आर्य समाज आणि थिऑसॉफिस्ट यांच्यातल्या पैशांच्या भांडणामुळे आणि गीतेवर लंडनला १८७४ साली छापलेल्या इंग्रजी पुस्तकामुळे. सावेदादा, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, यांचा धंदा फोटोचा. पण १८९९ साली त्यांनी हँगिंग गार्डनमध्ये कुस्तीचं चलच्चित्र घेतलं, म्हणून ते सिनेमाच्या इतिहासात गेले. थोडक्यात, यांच्यातला एकही निव्वळ फोटोंवर उरलेला नाही. तेव्हा तुझ्या वाईच्या, चिपळूणच्या, धुळ्याच्या माणसाने फोटोखेरीज आणखी काय काय केलं हा पहिला प्रश्न विचार. फोटो कोणते काढले हे नंतर.

चौथं नाव मुद्दाम बाजूला ठेवलं, कारण तुझ्या विषयाला त्याच्याइतकं जवळचं उदाहरण नाही. धुंडिराज गोविंद फाळके. आपण त्यांना १९१३च्या 'राजा हरिश्चंद्र'पासून ओळखायला लागतो. त्याआधीचा माणूस बघ. त्र्यंबकेश्वरचा जन्म, जे. जे. स्कूल, मग बडोद्याचं कलाभवन. तिथे प्रिन्सिपॉल गज्जरांनी त्यांना फोटोचा स्टुडिओ आणि प्रयोगशाळा वापरू दिली, ठसे करायची विद्या शिकायला रतलामला धाडलं. एवढं शिकूनही घर चालेना, तेव्हा १८९५ साली हा गृहस्थ गोध्र्याला जाऊन धंदेवाईक फोटोग्राफर झाला. मराठी माणूस, परका मुलूख, लहान गाव, रस्त्यावरून जाणाऱ्या गिऱ्हाइकावर मदार. १९०० साली गोध्र्यातच प्लेगने बायको गेली, मूल गेलं. बडोद्याला परतून पुन्हा दुकान मांडलं, तर कॅमेरा अंगातली शक्ती शोषून घेतो आणि माणूस मरतो, अशी अफवा उठली आणि धंदा बसला. पुढे त्यांनी जादूचे प्रयोग केले, नाटकाचे पडदे रंगवले, १९०३ साली पुराणवस्तू खात्यात नोकरी धरली, नंतर छापखाना पाहिला.

आता असं धर की पुढे सिनेमा झालाच नाही. मग गोध्र्याचा फाळके तुला कुठे भेटला असता? कुणाच्या तरी घरात एका पुठ्ठ्याच्या पाठीवर, नाव आणि गाव एवढंच. तुझ्याकडच्या स्कॅनमधली माणसं हीच आहेत. ती फाळक्यांपेक्षा कमी हुशार होती असं मानून चालू नकोस. त्यांना पुढचं दार उघडलं नाही. फाळक्यांनी 'नवयुग' मासिकात १९१७-१८च्या सुमारास स्वतःबद्दल लिहिलं ते आधी वाच. धंदेवाल्या माणसाला आपलं आयुष्य कुठून सांगावंसं वाटतं, काय तो गाळतो, हे त्यातून कळेल.

आणि एक. फाळक्यांच्या दुसऱ्या पत्नी सरस्वतीबाईंनी पुढे फिल्मला भोकं पाडली, रसायनं मिसळली, युनिटचा स्वयंपाकही सांभाळला. हे आपल्याला माहीत झालं, कारण 'राजा हरिश्चंद्र' गाजला. मग तुझ्या फोटोग्राफरच्या घरी छापलेले कागद पाण्यात कोण धूत होतं, खळ लावून पुठ्ठ्यावर कोण चिकटवत होतं? पाठीवर बाईचं नाव कधीच नसतं. एवढ्यावरून तिचा हात नव्हता असं लिहिलंस तर मी तो प्रबंध वाचणार नाही.

आता पुठ्ठ्याकडे ये. तुझं सगळं लक्ष त्या सोनेरी नावावर आहे, त्याला फार भाव देऊ नकोस. छापील पुठ्ठे पुष्कळदा परदेशातून तयार येत. पाठीवर पदकं छापलेली असली तर फोटो त्या पदकाच्या सालानंतरचा एवढंच ठरतं. दहा वर्षांनंतरचाही असेल. दुकान विकलं तरी नाव चालू राहतं. बोर्न अँड शेफर्डमधला बोर्न १८७० सालीच हा देश सोडून गेला आणि कलकत्त्याचं ते दुकान २०१६पर्यंत त्याच नावाने उघडं होतं. सगळ्यात मोठा धोका म्हणजे फोटोचा फोटो. आजोबा वारल्यावर जुना लहानसा फोटो कुणाकडे तरी देऊन मोठा करून घ्यायची पद्धत घरोघर होती. अशा वेळी शिक्का असतो मोठा करणाऱ्याचा. मूळ ज्याने काढला त्याचं नाव तिथे नसतं. पगडीवाला चेहरा आणि १९२०चा पुठ्ठा असं दिसलं की थांब.

नावाऐवजी कागद बघ. अंड्याच्या पांढऱ्यावर छापलेला अल्ब्युमिन कागद पातळ असतो, पिवळटतो, पुठ्ठ्याला वाकवतो. कार्ड साधारण अडीच बाय चार इंचांचं असेल तर ते कार्त-द-व्हिझीत, तो प्रकार १८५४नंतरचा. सव्वाचार बाय साडेसहाचं कॅबिनेट कार्ड त्यानंतर, १८६०च्या दशकात आलं. लहान गावांची खरी कथा मात्र काचेत आहे. १८५१पासूनच्या ओल्या कलोडियनमध्ये काच लावायची, फोटो घ्यायचा, ती ओली असतानाच धुवायची, सगळं दहा-पंधरा मिनिटांत. उन्हाळ्यात ते आणखी कमी. म्हणून अंधारखोली बरोबर घेऊन फिरावं लागे आणि भांडवल लागे. १८८०च्या सुमारास तयार जिलेटिनच्या कोरड्या काचा पेटीत विकत मिळायला लागल्या आणि मग कमी पैशांतही दुकान थाटता येऊ लागलं. आता त्या गावात रेल्वे कधी आली ते शेजारी मांड. कोल्हापूरला १८९१. रसायनं, काचा आणि गिऱ्हाईक तिन्ही त्याच गाडीने येणार. कॅम्पबेलचं मुंबई इलाख्याचं गॅझेटिअर यासाठी उघड. कोर्ट, दवाखाना, शाळा, आठवड्याचा बाजार कुठे होता हे त्यात आहे, आणि फोटो काढून घेणारे वकील, डॉक्टर, मास्तर तिथलेच.

फोटोत खालच्या बाजूला बघायची सवय लाव. उभ्या माणसाच्या बुटांमागे लोखंडी पाय दिसला तर तो मान धरणाऱ्या स्टँडचा. म्हणजे बराच वेळ निश्चल उभं राहावं लागत होतं. गालिचा आणि मागचा रंगवलेला पडदा तर पाठच करून टाक. खांबाच्या चित्राला जिथे ठिगळ लागलंय, ते ठिगळ शिक्का नसलेल्या दुसऱ्या फोटोत सापडलं की तो फोटोही त्याच दुकानाचा. अशा तऱ्हेने बिननावाचे फोटो एका माणसाच्या खात्यात जमा होतात, आणि त्याचा पडदा कधी बदलला, खुर्ची कधी नवी आली, म्हणजे धंद्याला बरे दिवस कधी आले, तेही उमगतं. हे काम कंटाळवाणं आहे. मला मात्र सगळ्यात जास्त गोडी त्यातच वाटते.

मोडी शिक. टाळाटाळ करू नकोस. फोटोच्या मागे शाईने लिहिलेल्या ओळी पुष्कळदा मोडीत असतात आणि साल शकाचं असतं. 'शके १८१०, सर्वधारी' म्हणजे १८८८चा चैत्र ते १८८९चा फाल्गुन. सरसकट अठ्ठ्याहत्तर मिळवलेस तर माघ-फाल्गुनातलं लग्न एक वर्ष मागे सरकेल.

दुसरा धंदा शोधायचा तो वर्तमानपत्रांच्या जाहिरातींत. 'ज्ञानप्रकाश', 'केसरी' सगळेच बघतात. तू गावची पत्रं बघ. ठाण्याचा 'अरुणोदय' १८६६चा, रत्नागिरीचा 'सत्यशोधक' १८७१चा. एकच माणूस घड्याळं दुरुस्त करतो, चष्मे विकतो आणि 'फोटोग्राफही काढून मिळतील' असं शेवटच्या ओळीत सांगतो, अशा जाहिराती वाचायच्या आहेत. पारशी निघाला तर 'पारसी प्रकाश' हाताशी आहे. त्यात मृत्यूच्या नोंदी आहेत. नगरपालिकेची घरपट्टी, सिटी सर्व्हेचा उतारा आणि जन्ममृत्यूची जुनी बुकं यांना वेळ दे. १८९६ ते १९००ची मृत्यूची बुकं पहिल्यांदा काढ. पुष्कळ दुकानांच्या जाहिराती अचानक थांबतात त्याचं उत्तर प्लेगमध्ये असण्याचा संभव आहे. पण नोंद दिसेपर्यंत तसं लिहू नकोस.

आमच्या मरोळसाठी तू मुंबईच्या कागदांत शोधत बसली होतीस, ते सोड. मुंबई उपनगर जिल्हा १९२०चा. त्याआधी मरोळ, अंधेरी, कोंडिवटे हे सगळं साष्टी तालुक्यात, ठाणे जिल्ह्यात. तेव्हा ठाण्याला जा. १८९३ साली निघालेलं तिथलं मराठी ग्रंथ संग्रहालयही त्याच फेरीत बघ. इथल्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांत लुगडं नेसून, अंगभर दागिने घालून बसलेल्या नवऱ्या मुलींचे फोटो अजून भिंतीवर आहेत. त्यांची चर्चची रजिस्टरं म्हणजे तुझ्यासाठी सोनं आहे. सीप्झमधलं १५७९चं जुनं चर्च १८४०च्या साथीनंतर सोडून लोक मरोळला आले, म्हणजे तुला हवं ते सगळं शतक इथल्या चर्चमध्ये लिहिलेलं असायला हवं. लग्नाची तारीख नोंदीत मिळाली की फोटोची तारीख मिळाली. नोंदी पोर्तुगीज-लॅटिन वळणाच्या असतील, कुणाला तरी सोबत आण.

या घरांत शिरताना मात्र रीत सांभाळ. फोटो भिंतीवरून काढायला सांगू नकोस, उंबऱ्याबाहेर नेऊ नकोस. तिथेच स्कॅन कर आणि छापलेली एक प्रत त्या घरी पोचव. आल्बममध्ये चिकटलेला फोटो मागचं वाचायला म्हणून उचकटायचा नाही, कितीही मोह झाला तरी. मागे लिहायचं तर मऊ पेन्सिलीने. नावं विचार, पण प्रबंधात छापण्याआधी पुन्हा विचार. काही घरांत तो फोटो एका वाटणीच्या खटल्याचा पुरावा असतो. आणि पहिल्या भेटीला फोटोग्राफरबद्दल अवाक्षर काढू नकोस. फोटोतल्या माणसाबद्दल विचार. कुठे कामाला होता, फोटो कोणत्या निमित्ताने काढला, तयार होऊन कुठे गेले होते. 'बाजारात सोनाराच्या माडीवर' असं कुणी सहज बोलून जाईल, आणि तो तुझ्या फोटोग्राफरचा पत्ता असेल.

मिळालेलं सगळं गिऱ्हाइकाच्या नावाने लाव, स्टुडिओच्या नावाने नको. अजून सांगण्यासारखं आहे, पण ते कागद समोर असताना सांगेन. फादरांच्या कानावर मी घालून ठेवते. रजिस्टर बघायचं तर लेखी विनंती लागेल, तेव्हा येताना तुझ्या विभागप्रमुखांच्या सहीचं पत्र घेऊन ये, आणि मोडीची उजळणी करून ये.

तुझी,
मावशी