दोन विद्यापीठांची नौकाशर्यत

शर्यत जिंकावयाची तर अंगी बळ असावे लागते. परंतु शर्यत भरवावयाची तर बळाहून वेगळा गुण लागतो. ज्या प्रतिपक्षाला हरवावयाचे, त्याच्याच शेजारी बसून आधी दिवस, जागा व नियम ठरवावे लागतात. एकाचे म्हणणे दुसऱ्याला पटले नाही, तर शर्यत होतच नाही. इंग्लंडमधील ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या दोन विद्यापीठांच्या नौकाशर्यतीचा इतिहास हीच गोष्ट सांगतो.

ही दोन्ही विद्यापीठे आठशे वर्षांहून अधिक जुनी आहेत. प्रत्येकात अनेक महाविद्यालये असून त्यांच्या आपापसांतही नौकांच्या शर्यती होतात. ऑक्सफर्डजवळ थेम्स नदीला आयसिस म्हणतात, तर केंब्रिजजवळून कॅम नदी वाहते. तेथे नद्यांची पात्रे अरुंद आहेत. अनेक नौका शेजारी-शेजारी हाकण्याइतकी जागा नसल्यामुळे त्या एकीमागे एक अशा उभ्या करतात. खूण होताच सर्व नौका सुटतात, आणि मागच्या नौकेने पुढच्या नौकेला गाठून धक्का दिला की तिची सरशी होते. महाविद्यालयांची चढाओढ अशी घरच्या नदीतच भागते. परंतु दोन विद्यापीठांना एकमेकांसमोर उभे राहावयाचे झाले, तेव्हा पहिला प्रश्न निघाला तो जागेचा.

या शर्यतीची कल्पना दोन मित्रांची. चार्ल्स वर्डस्वर्थ हा ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च महाविद्यालयाचा विद्यार्थी होता, आणि चार्ल्स मेरिव्हेल हा केंब्रिजच्या सेंट जॉन्स महाविद्यालयाचा. दोघे पूर्वी हॅरो येथील शाळेत एकत्र शिकले होते. वर्डस्वर्थ हा प्रसिद्ध कवी विल्यम वर्डस्वर्थ यांचा पुतण्या. त्याचे वडील केंब्रिजमधील ट्रिनिटी महाविद्यालयाचे प्रमुख होते. त्यामुळे शिकावयास ऑक्सफर्डला आणि सुट्टीत घरी केंब्रिजला, असा त्याचा क्रम असे. एका विद्यापीठाचा विद्यार्थी दुसऱ्या विद्यापीठाच्या अंगणात वावरत होता. या स्नेहातूनच स्पर्धेचे बीज रुजले.

१२ मार्च १८२९ रोजी केंब्रिजने ऑक्सफर्डला रीतसर आव्हानपत्र पाठविले. ईस्टरच्या सुट्टीत, लंडनमध्ये किंवा लंडनजवळ, आठ वल्ह्यांच्या नौकांची शर्यत व्हावी, अशी त्यात मागणी होती. ऑक्सफर्डने आव्हान स्वीकारले; परंतु अखेर दिवसही बदलला आणि जागाही. ती शर्यत १० जून १८२९ रोजी थेम्सच्या काठी हेन्ली या गावी झाली.

अशा नौकेत आठ जण वल्ही मारतात व नववा सुकाणू धरतो. वल्ही मारणाऱ्यांची पाठ नौका जाते त्या दिशेला असते. आपण कोठे चाललो आहोत, हे त्यांना दिसत नाही. पुढे पाहतो तो एकटा सुकाणूवाला. आठ जणांनी त्याच्या शब्दावर विश्वास ठेवून एका तालात पाण्यावर घाव घालावयाचा असतो. ‘कर्णधार’ या शब्दाचा मूळ अर्थ सुकाणू धरणारा असाच आहे.

हेन्लीला मोठी गर्दी लोटली होती. शर्यत सुरू होऊन थोडा वेळ होतो न होतो, तोच ती थांबवावी लागली. दोन्ही नौका पुन्हा आरंभस्थानी आल्या आणि शर्यत नव्याने सुरू झाली. ती ऑक्सफर्डने सहज जिंकली. दोघेही मित्र आपापल्या नौकेत वल्हे मारीत होते.

यानंतर दुसरी शर्यत लगेच व्हावयास हवी होती. परंतु मध्ये सात वर्षे गेली. बळ दोन्हीकडे होते, उत्साहही होता; अडले ते जागेवर. ऑक्सफर्डला हेन्ली हवे होते, केंब्रिजला लंडन. अखेर १८३६ साली लंडनमध्ये वेस्टमिन्स्टर ते पटनी अशी शर्यत ठरली व केंब्रिजने ती जिंकली. पुढे त्या भागात नावांची वर्दळ फार वाढली, म्हणून १८४५ साली पटनी ते मॉर्टलेक हा नवा मार्ग निवडण्यात आला. १८५६ पासून ही शर्यत दरवर्षी होऊ लागली. दोन महायुद्धांच्या काळात आणि २०२० साली करोनाच्या साथीमुळे मात्र तिच्यात खंड पडला.

पटनी ते मॉर्टलेक हे अंतर सुमारे ६.८ किलोमीटर आहे. येथे थेम्सला समुद्राची भरती-ओहोटी लागते. भरतीचे पाणी नदीत वर चढत असतानाच नौका सोडतात. त्यामुळे शर्यतीची वेळ आयोजकांच्या सोयीने नव्हे, तर भरतीच्या वेळापत्रकाने ठरते. नदीला वळणेही मोठी आहेत. पहिले व शेवटचे वळण उत्तरेकडील, म्हणजे मिडलसेक्सच्या, बाजूच्या नौकेला लाभाचे; मधले लांब वळण दक्षिणेकडील, म्हणजे सरेच्या, बाजूला लाभाचे. मग कोणी कोणती बाजू घ्यावी? त्यासाठी १८२९ सालचे सोन्याचे नाणे उडवितात. जो नाणेफेक जिंकतो, तो बाजू निवडतो. परंपरेने पंच म्हणून पूर्वी याच शर्यतीत उतरलेली व्यक्ती असते. ती आलटून पालटून एकेका विद्यापीठाची असते. ज्याने कधी काळी प्रतिपक्षाकडून वल्हे मारले, त्याच्याच हाती आपला न्याय सोपवावयाचा, हा विश्वास काही लहान नव्हे.

या विश्वासाची कसोटीही लागली. १८७७ साली दोन्ही नौका जवळजवळ एकाच क्षणी शेवटाला पोहोचल्या. अंतिम रेषेवरचे निर्णायक जॉन फेल्प्स हे थेम्सवरचे वयोवृद्ध नावाडी होते. त्यांनी बरोबरी झाल्याचा निर्णय दिला. आपण काही फुटांनी जिंकलो, असे ऑक्सफर्डच्या पक्षाला वाटत होते. फेल्प्सची पुष्कळ थट्टाही झाली; परंतु निर्णय बदलला गेला नाही. त्या वेळी शेवटाची जागा दाखविणारे खांब नव्हते. पुढे ते उभारण्यात आले. वाद घालीत बसण्यापेक्षा व्यवस्थेतील उणीव दूर करणे अधिक शहाणपणाचे ठरले.

३० मार्च १९१२ रोजी तर वारा व लाटा यांनी दोन्ही नौकांची दैना केली. केंब्रिजची नौका बुडाली आणि ऑक्सफर्डची पाण्याने भरून तिला काठ गाठावा लागला. ती शर्यत रद्द झाली, आणि १ एप्रिल रोजी दोन्ही पक्ष पुन्हा पाण्यात उतरले. या वेळी ऑक्सफर्ड जिंकले.

न्यायाचे हे वर्तुळ सर्वांपर्यंत पोहोचावयास मात्र फार काळ लागला. दोन विद्यापीठांच्या विद्यार्थिनींची पहिली स्पर्धा १९२७ साली ऑक्सफर्डला झाली. परंतु त्यांच्या नौका एकाच वेळी सोडण्यात आल्या नाहीत. लागलेला वेळ आणि वल्हविण्याची रीत पाहून निकाल देण्यात आला. पुरुषांची शर्यत होते त्याच दिवशी आणि त्याच मार्गावर स्त्रियांची शर्यत व्हावयास २०१५ साल उजाडावे लागले.

या शर्यतीची एक रीत लक्षात ठेवण्याजोगी आहे. जिंकणारा आव्हान देत नाही. गतवर्षी हरलेला पक्ष विजेत्याला पुढच्या शर्यतीचे आव्हान देतो, आणि विजेता ते स्वीकारतो. ज्याने आपल्याला हरविले त्याच्याकडे पुन्हा जाऊन, ‘चला, आणखी एकदा,’ असे म्हणावयास मोठे मन लागते. १८२९ सालच्या त्या दोन मित्रांनंतर ही शर्यत अशा मनांनीच चालविली आहे.

स्वाध्याय
१. पहिल्या शर्यतीनंतर दुसरी शर्यत होण्यास सात वर्षे का लागली?
२. शर्यतीची वेळ भरतीवर का अवलंबून असते?
३. १८७७ च्या निर्णयानंतर व्यवस्थेत कोणती सुधारणा झाली? त्यावरून कोणता बोध होतो?
४. तुमच्या शाळेचा दुसऱ्या शाळेशी सामना ठरवावयाचा आहे, अशी कल्पना करून त्या शाळेच्या विद्यार्थ्यांना आव्हानपत्र लिहा.