बॅटरीवाला गाऊन

मागच्या गॅदरिंगला मी फॅन्सी ड्रेससाठी शर्टावर एलईडीची माळ शिवली होती, बॅटरी पाठीला. स्टेजवर पाऊल टाकलं आणि सोल्डरिंग निखळलं. सगळ्या हॉस्टेलने "लोडशेडिंग!" म्हणून जो गलका केला, तो अजून कानात आहे. नंतर वाचताना कळलं की ही आयडिया एका बाईंनी १८८३ सालीच वापरली होती.

२६ मार्च १८८३. न्यूयॉर्कच्या फिफ्थ अव्हेन्यूवर आल्वा व्हँडरबिल्टबाईंनी नव्या वाड्याच्या वास्तुशांतीला (दुसरा शब्द सुचत नाही) वेशभूषेचा बॉल ठेवला. पाहुणे हजाराच्या वर. एकीने तर डोक्यावर पेंढा भरलेली पांढरी मांजर बसवली होती! पण भाव खाऊन गेल्या त्या आल्वाच्या जाऊबाई, अ‍ॅलिस. त्यांचा वेश होता 'इलेक्ट्रिक लाइट'. पॅरिसच्या वर्थने शिवलेला जरीचा गाऊन, हातात मशाल, आणि ती पेटायची गाऊनमध्ये लपवलेल्या बॅटरीवर. एडिसनचं पर्ल स्ट्रीटचं वीजकेंद्र सुरू होऊन तेव्हा सातच महिने झाले होते. गंमत म्हणजे अ‍ॅलिसच्या सासूबाईंना विजेची धास्ती. एडिसनने सांगितलेल्या हकिकतीनुसार त्यांच्या घरात वायरिंग करताना भिंतीवरच्या जरीच्या कागदामुळे शॉर्टसर्किट झालं. त्यात तळघरात बॉयलर आहे हे कळल्यावर बाई म्हणाल्या, बॉयलरवर मी राहणार नाही. सगळं काढावं लागलं.

दुसरा बॉल १० फेब्रुवारी १८९७ चा, वॉल्डॉर्फ हॉटेलातला. १८९३ पासून मंदी होती, लोक बेकार. कॉर्नेलिया ब्रॅडली-मार्टिनबाईंचं म्हणणं असं की ऐनवेळी आमंत्रणं दिली तर कुणाला पॅरिसहून कपडे मागवायला वेळ मिळणार नाही, मग इथल्याच शिंप्यांना, फुलवाल्यांना काम मिळेल. कामं मिळालीही, खोटं कशाला बोला. पण वर्तमानपत्रं आणि पाद्री तुटून पडले. हॉटेलच्या खिडक्यांना फळ्या ठोकल्या, बाहेर पोलीस उभे केले. पोलीस कमिशनर थिओडोर रूझवेल्ट. त्यांच्या पत्नी मात्र आत, पाहुण्यांत. पुढे मार्टिन मंडळी इंग्लंडलाच राहायला गेली.

हे आत्ता लिहायचं कारण, गेल्या महिन्यातली आमची गॅदरिंगची मीटिंग. वर्गणी दुप्पट करायची, भाड्याचे राजेशाही ड्रेस आणायचे असा प्रस्ताव आला. "अरे, पैसा फिरतो, गावातल्या दुकानदारांनाच मिळतो," असं एकजण म्हणाला. मला कॉर्नेलियाबाईच आठवल्या. मी तोंड उघडणार इतक्यात माझा रूममेट उठला. तो मेसचं बिल हप्त्याहप्त्याने भरतो, कधी कुणाला बोलत नाही. म्हणाला, "फिरतो रे, पण निघतो माझ्या खिशातून." मीटिंग दोन मिनिटं गप्प.

वर्गणी आहे तेवढीच राहिली. ड्रेस ज्याने त्याने ट्रंकेतलेच काढायचे ठरले. माझा एलईडीवाला शर्ट आहेच; रूममेटने सोल्डरिंग दोनदा ओढून बघितलंय.