भिंतीवरचा क्रूस : धन्यवादित सिस्टर रेस्टिटुटा



आपल्या प्रत्येकाच्या घरात क्रूस आहे. वेदीवर, दारावर, आजाऱ्याच्या उशाशी. तो तिथे का आहे, याचा विचार आपण क्वचितच करतो. हा विचार करायला लावणाऱ्या एका परिचारिकेची आज ओळख करून घेऊ.

हेलेन कफ्का यांचा जन्म १ मे १८९४ रोजी आज चेक प्रजासत्ताकात असलेल्या ब्रनो शहराजवळ झाला. वडील चांभारकाम करीत. पुढे हे कुटुंब व्हिएन्नाला आले. रुग्णसेवा करणाऱ्या फ्रान्सिस्कन भगिनींच्या सहवासात हेलेन यांना पाचारण उमगले आणि १९१४ साली त्यांनी व्रतस्थ जीवनात प्रवेश केला. एका प्राचीन हुतात्म्याच्या नावावरून त्यांनी रेस्टिटुटा हे नाव घेतले.

१९१९ पासून व्हिएन्नाजवळच्या मॉडलिंग या लहान गावच्या इस्पितळात त्या शस्त्रक्रिया विभागात सेवा करू लागल्या. कामात तरबेज, बोलण्यात सडेतोड आणि गरिबांच्या कैवारी अशी त्यांची ख्याती होती.

१९३८ साली नाझींनी ऑस्ट्रिया ताब्यात घेतला. सार्वजनिक जागांतून क्रूस हटू लागले. सिस्टरांनी मात्र इस्पितळाच्या नव्या विभागातील प्रत्येक खोलीत क्रूस लावला. तो काढण्याचा हुकूम त्यांनी मानला नाही. त्यांना कामावरून दूर करण्याची धमकी आली, तेव्हा त्यांच्या जागी द्यायला तितकी कुशल भगिनी नाही, असे संस्थेने कळवले.

नाझींवर टीका करणारी एक कविता त्यांनी टंकून घेतली होती. एका नाझीनिष्ठ डॉक्टरने चुगली केली. १८ फेब्रुवारी १९४२, राखेचा बुधवार. त्या दिवशी सिस्टरांना इस्पितळातच अटक झाली. २९ ऑक्टोबर रोजी देशद्रोहाच्या आरोपाखाली मृत्युदंड सुनावण्यात आला. दयेचा अर्ज हिटलरचा सचिव मार्टिन बोरमान याने फेटाळला. लोकांना जरब बसावी, हा हेतू होता. तुरुंगातही त्यांनी सोबतच्या कैद्यांना धीर दिला. ३० मार्च १९४३ रोजी, उपवासकाळातच, व्हिएन्नात त्यांचा शिरच्छेद झाला. वय ४८. देहदेखील भगिनींना मिळाला नाही.

२१ जून १९९८ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी व्हिएन्नात त्यांना धन्यवादित घोषित केले.

कोणी विचारील, लाकडाच्या दोन पट्ट्यांसाठी जीव धोक्यात घालायचा? आम्हांला वाटते, खूण आणि तिचा अर्थ यांची सांगड इथे पाहिली पाहिजे. क्रूस सांगतो की दुःखी माणसात प्रभू आहे आणि दुबळ्याचा जीवही अनमोल आहे. नाझी सत्तेने तर आजारी आणि अपंगांनाही निरुपयोगी ठरवून मारले. सिस्टर खाटेवरच्या रुग्णात ख्रिस्त पाहत होत्या, म्हणूनच भिंतीवरचा क्रूस त्यांना उतरवता आला नाही. सेवेवाचून क्रूस नुसती शोभा ठरतो.

आपल्यावर तशी वेळ नाही. पण अंथरुणाला खिळलेली सासू, रात्रपाळी करून थकलेली नर्स, एकटा पडलेला शेजारी आपल्याजवळच आहेत.

कुटुंबात चिंतनासाठी :
१. मत्तय २५:३१-४६ एकत्र वाचा. आपल्या घरच्या आजाऱ्याला आपण किती वेळ देतो?
२. कामाच्या ठिकाणी अन्याय दिसला तर आपण बोलतो की गप्प बसतो?
३. या आठवड्यात एका रुग्णाला भेटा आणि एका परिचारिकेसाठी प्रार्थना करा.

आपला,
धर्मगुरू